जुनं संगीत नाटक, पात्रांच्याच हातात वाद्यं : कोकणातल्या मंडळांसाठी तालमीचा क्रम

संगीत नाटक बसवणाऱ्या मंडळांकडे मी बरीच वर्षं तालमींना मदत करायला जातो. अलीकडे अनेक जण एक चांगला विचार घेऊन येतात : ऑर्गन-तबल्याची वेगळी साथ बसवायची नाही, नाटकातल्या पात्रांनीच वाजवायचं. आपल्याकडे हे होण्यासारखं आहे. वाडीवाडीत भजनाची पेटी आणि पखवाज आहे, नमनात मृदंग वाजवणारी पोरं आहेत, दशावतारात तयार झालेले हात आहेत. तरी प्रयोग फसतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं. आधी गद्य उभं करतात, मग पदं बसवतात आणि वाद्यं शेवटच्या पंधरवड्यात हातात देतात. तोवर नटाच्या हातांना उपरणं सावरायची, बोट उगारायची, कमरेवर ठेवायची सवय लागलेली असते. पेटी आली की हात अडकतात, मान खाली जाते, लय चढते.

कुडाळकडच्या एका तालमीत भजनात मुरलेले एक गृहस्थ दोन आठवडे झटले आणि शेवटी भाता बंद करून म्हणाले, "गावक येता माका, वाजवकय येता. दोनय एकदम नाय जमणा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना वाद्य तीन महिने उशिरा मिळालं होतं.

म्हणून पुढचा सगळा क्रम एका आग्रहावर उभा आहे : वाद्य पहिल्या वाचनाला नटाच्या हातात हवं. उदाहरणाला 'संगीत सौभद्र' घेतो, कारण त्यातली पात्रं सगळ्यांच्या ओळखीची आहेत.

१. तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजा

पात्रांनीच वाजवायचं असेल तर साध्या संगीत नाटकाच्या दीडपट वेळ धरा. बावीस ते चोवीस आठवडे लागतात. माघी गणेशोत्सवात प्रयोग करायचा असेल तर वाचन श्रावणात सुरू व्हायला हवं, म्हणजे भाताची लावणी आटोपल्या आटोपल्या.

मधले खड्डे आधीच वहीत मांडा. गणपतीच्या दिवसांत बुवा आणि पखवाजवाले घरोघरच्या भजनांत असतात, त्या दिवसांत तालीम लावू नका. कापणीच्या दिवसांत आठवड्याला दोन बैठका पुरेत. त्रिपुरी पौर्णिमेपासून जत्रा सुरू झाल्या की दशावतारी माणूस रात्री मिळत नाही, त्याची तालीम दुपारी लावा, तीही त्याची झोप झाल्यावर. नमनवाली पोरं घेतली असतील तर शिमग्याच्या आसपास प्रयोगाची तारीख देऊ नका. ती पालखी सोडून येणार नाहीत आणि तसं त्यांना सांगूही नये.

२. हक्क आणि परवाने

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये, राम गणेश गडकरी १९१९ मध्ये. त्यांच्या संहिता खुल्या आहेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं निधन १९४८ चं, म्हणजे तीही मुदत २००८ अखेर संपली.

चूक होते ती चालींच्या बाबतीत. संहिता खुली असली तरी चाल नंतरच्या कुणी संगीतकाराने नव्याने बांधलेली असू शकते, आणि तिचा हक्क वेगळा असतो. साठच्या दशकातली नाटकं घेणार असाल तर नाटककार आणि संगीतकार दोघांच्याही वारसांची लेखी परवानगी लागेल. पंडित जितेंद्र अभिषेकींचं निधन १९९८ मधलं आहे, त्यांच्या चाली अजून पुष्कळ वर्षं हक्काखाली राहणार.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी मूळ छापील पुस्तक पाठवू नका, तुमची कापलेली संहिता पाठवा. म्हणजे हा अर्ज पुढच्या पायरीनंतर करायचा.

> सावधान : देवळाच्या पटांगणात प्रयोग असेल तर रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सवलतीचे काही दिवस असतात, पण आपला दिवस त्यात आहे का ते आधी विचारून घ्या. नाटक साडेसहाला सुरू होऊन साडेनऊला संपेल इतकंच ठेवा.

३. पदं निवडताना गळ्याइतकेच हात पाहा

मूळ 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदं आहेत. तीन तासांत अठरा ते बावीस बसतात. मंडळं निवड करतात ती लोकप्रियतेवर. ते चूक नाही, पण अपुरं आहे. प्रत्येक पदापुढे तीन प्रश्न लिहा : पात्र तेव्हा काय करतंय? त्याच्या हातात दुसरी वस्तू आहे का? जवळ दुसरं कोण आहे?

मग पदांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात पात्र स्वतः गातं आणि स्वतः वाजवतं अशी पदं. दुसऱ्यात एक गातं, रंगमंचावरचंच दुसरं वाजवतं. तिसऱ्यात नुसता तंबोरा किंवा तोही नाही. नवी मंडळं पहिल्या ढिगात पंधरा पदं टाकतात. माझ्या मते पाचच्या वर जाऊ नये. खरी गंमत दुसऱ्या ढिगात आहे : कोण कोणाला साथ देतं यातून नातं दिसतं. सुभद्रा आपलं दुःख गात असताना पेटी कुसुमावतीच्या हातात असेल, तर मैत्रीण म्हणजे काय हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही.

साक्या आणि दिंड्या (जुन्या वृत्तांतली पदं) सरसकट कापू नका. छोट्या असतात, गद्यातून सहज उठतात आणि त्यांना नुसत्या चिपळ्या किंवा टाळ पुरतात. नवशिक्या हातांसाठी त्यांच्यासारखी सोय नाही.

> तपासा : लागोपाठच्या दोन पदांत एकच माणूस तबल्यावर आणि दुसऱ्याच क्षणी संवादात उभा, असं कुठे होतंय का? होत असेल तर मध्ये निदान अर्धं पान गद्य ठेवा.

४. माणसं निवडणं

जाहिरात देऊन नट बोलावण्याआधी भजनाच्या बाऱ्यांना जाऊन बसा. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, उत्तर देणारा बुवा हजरजबाबी असतो, पेटीवर हात ठेवून समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून गातो. तुम्हाला हवं ते त्याच्याकडे आधीच आहे. दशावतारातला मृदंगवाला नटाच्या पायाकडे बघून वाजवतो, ठरलेली संहिता नसतानाही त्याची थाप चुकत नाही. या दोघांना गद्य शिकवणं सोपं. उत्तम गद्यनटाला चार महिन्यांत तबला शिकवणं मात्र होत नाही, तो हट्ट सोडून द्या. त्याला टाळ, चिपळ्या, एकतारी द्या.

निवडीच्या वेळी मी तीनच गोष्टी करून घेतो.

पहिली : केरव्याचा ठेका धरून समोरच्याशी साध्या गप्पा मारायच्या. काल जेवायला काय होतं, एसटी किती वाजता मिळाली, असं काहीही. बोलताना ठेका थांबला तर ठेका अजून हातात उतरलेला नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बघू.

दुसरी : पेटीवर माहितीचा अभंग वाजवत गायचा, पण बोटांकडे बघायचं नाही. मी हळूहळू खोलीत फिरतो, त्याने माझ्याकडे बघत राहायचं.

तिसरी : मध्येच वाद्य दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि गाणं चालू ठेवायचं. इथे स्वभाव कळतो. काहींना वाद्य सोडवत नाही. असा माणूस कितीही तयारीचा असला तरी या प्रकारच्या नाटकात सगळ्यांना अडचण करतो.

नऊ-दहा माणसं पुरतात. त्यात ठेका धरू शकणारी तिघं आणि पेटी वाजवणारी तिघं हवीतच. दोघांवर नाटक उभं केलंत आणि एकाला ताप आला तर प्रयोग गेला.

५. पट्टी : ही पायरी घाईत उरकू नका

वेगळी साथ असते तेव्हा तबलजीजवळ दोन-तीन चाटा (वेगवेगळ्या सुरांत लावलेले तबले) असतात, पात्र बदललं की तो तबला बदलतो. आपल्या नाटकात तबला रंगमंचावर पात्रासमोर आहे, बदलायला वेळ नाही. म्हणून सबंध नाटकाच्या पट्ट्या, म्हणजे प्रत्येकाच्या गाण्याचे मूळ सूर, एका तबल्याभोवती बसवाव्या लागतात.

सोपा हिशेब असा. तबला काळी एकला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावा. पुरुष काळी एकमध्ये गात असेल तर तबला षड्जात लागतो. बाई काळी चारमध्ये गात असेल तर तोच सूर तिचा मध्यम होतो. कोणी काळी तीनमध्ये गात असेल तर तोच सूर त्याचा पंचम. एका तबल्यात तीन पट्ट्या निघाल्या. काळी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषाला आणि काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईला एक सूर खाली यायला सांगा. हालचाल करत, वाजवत गायचं असल्याने तसंही वरच्या पट्टीचा दम टिकत नाही. हे पहिल्याच आठवड्यात सांगा. चार महिने एका पट्टीत घोटलेलं गाणं नंतर खाली आणलं की गाण्यातल्या सगळ्या जागा हलतात.

एक अडचण ध्यानात ठेवा. मध्यमात लावलेला तबला भूप किंवा देसकारसारख्या रागाला चालत नाही, कारण तिथे मध्यमच वर्ज्य आहे. तसंच पंचमात लावलेला तबला मालकंसाला चालत नाही. अशा पदाला पखवाज द्या, नुसता डग्गा आणि टाळ ठेवा, किंवा ते पद काळी एकमध्ये गाणाऱ्या पात्राकडे वळवा. हे न बघता पद बसवलं तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खुपतंय हे नक्की कळतं.

तंबोऱ्याचं यंत्र किंवा मोबाइलवरचा तंबोरा वापरत असाल तर पट्टी बदलायचं काम एकाच माणसाचं. मोबाइल असेल तर त्याचं नेटवर्क बंद.

> तपासा : प्रत्येक पदाच्या डोक्यावर संहितेत तीन गोष्टी लिहिल्या आहेत का? पट्टी, ताल आणि मिनिटाला किती मात्रा. तिसरी गोष्ट लिहिणारं मंडळ मला क्वचितच भेटलंय, आणि लय चढल्याची तक्रार सगळ्यांची असते.

६. वाद्यवाटप आणि हातांचा तक्ता

वाद्य पात्राला शोभायला हवं हे सगळ्यांना सुचतं. नारदाला वीणा आणि चिपळ्या, संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाला एकतारी, बलरामाला पखवाज, घटोत्कचाला ढोल. इथपर्यंत ठीक. मग उत्साहाने कृष्णाच्या हातात बासरी देतात आणि तिथे घोळ होतो. कृष्णाला पदं भरपूर, आणि फुंकायचं वाद्य गाणाऱ्या माणसाला देता येत नाही. त्याने मुखड्याआधी एखादी लहानशी सुरावट वाजवावी, बासरी कमरेला खोचावी आणि गावं. पुढची बासरी वाजवायचीच असेल तर ती रुक्मिणीच्या सखीकडे द्या. तिलाही पळत येऊन लगेच वाजवायला लावू नका, आधीचं निदान एक पान ती शांत उभी हवी. दम लागलेल्या माणसाची बासरी आधी सुराला कमी पडते, मग फुटते.

ऑर्गन सुंदर वाजतो, पण नट तिथे खिळतो : दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय पायट्यांवर. ठेवायचाच तर रंगमंचाच्या कडेला तिरका ठेवा, म्हणजे वाजवणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसेल, आणि तिथे आळीपाळीने पात्रं बसवा. पेटीला एक हात भात्यावर, एक हात सुरांवर. कीर्तनात गळ्यात अडकवतात तशी पेटी घेऊन चालता येतं, पण दोन पदांपलीकडे नको, खांदे आणि श्वास दोन्ही जातात.

आता तक्ता. हा कागद मी दिग्दर्शकाच्या वहीपेक्षाही मोलाचा मानतो. प्रत्येक पानासाठी, प्रत्येक पात्राच्या दोन्ही हातांत काय आहे ते लिहायचं. एका प्रवेशाचा नमुना :

- सुभद्रा : डावा हात भात्यावर, उजवा सुरांवर. पहिल्या अंतऱ्यानंतर दोन्ही हात मोकळे.
- कुसुमावती : आधी दोन्ही हात मोकळे. पहिल्या अंतऱ्याला पेटीमागे येऊन बसते, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सूर धरते.
- दासी (हीच नटी पुढे रुक्मिणी होते) : तबला. पद संपल्यावर पेटीजवळचं तबक उचलून जाते.
- पेटी : पाटावर, डावीकडे, खुणेवर. प्रवेशाअखेर तिथेच.

शेवटची ओळ वाद्याची आहे, माणसाची नाही. वाद्याचाही प्रवास लिहा : कुठून आलं, कोणी ठेवलं, पुढे कुणाला लागणार. एकदा एका गावात पखवाज उजव्या विंगेत राहिला आणि बलराम डावीकडून आला. तो काही क्षण मोकळ्या हातांनी उभा राहिला, मग मांडीवर थाप देऊन त्याने पद म्हटलं. लोकांनी सांभाळून घेतलं. पण तक्त्यात 'पखवाज' अशी ओळच नव्हती, ती चूक माझी.

तक्त्यात आणखी एक खूण हवी : त्या पदाची लय कोणाची? एकाचंच नाव लिहा. गाणाऱ्याचं लिहू नका. भावनेच्या भरात गाणारा लय चढवतो, ते त्याला कळत नाही. बऱ्याचदा टाळ वाजवणारं साधं पात्र लयीचं मालक असलेलं उत्तम. सगळ्यांनी त्याच्या हाताकडे बघायचं.

७. तालमीचा क्रम

(क) वाद्यांसह वाचन, पहिले तीन आठवडे. सगळे गोल बसतात, प्रत्येकाचं वाद्य समोर. गद्य वाचतानाही वाद्यावर हात. पद आलं की नुसता मुखडा. सूर लागला नाही तरी थांबायचं नाही. या दिवसांत काही चांगलं ऐकायला मिळणार नाही, त्याची चिंता करू नका.

(ख) बैठकीत पदं, सहा ते सात आठवडे. पाठांतर दुहेरी : शब्दांचं आणि बोटांचं. बोटांचं पाठांतर झालं का हे कळायला दिवे घालवा. आपल्याकडे वीज जातेच, तेव्हा तालीम थांबवू नका, चालू ठेवा. अंधारात जे पद न अडखळता होतं तेच उभं करायला घ्या.

ताना या टप्प्यात घेऊ नका. आधी मुखडा-अंतरा ठेक्यासकट पक्का. वाजवता वाजवता घेतलेली तान छोटी आणि स्वच्छ असली तरी ऐकणाऱ्याला ती मोठी वाटते, कारण हात चाललेले दिसत असतात.

(ग) उभं राहणं, सात आठवडे. हालचाल बसवताना एक नियम : वाजवणारं पात्र प्रवेशात सामील असलं पाहिजे. तबला वाजवणारी दासी सुभद्रेकडे बघते, तिचं ऐकते, एखाद्या ओळीला थबकते. ती कोऱ्या चेहऱ्याने खाली बघत बसली तर वेगळी साथ बसवली असती तर काय बिघडलं असतं?

(घ) देवघेव. वाद्य एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची स्वतंत्र तालीम लावा, नाटकाशिवाय. दोन आठवडे रोज अर्धा तास. त्रिताल असेल तर सोळा मात्रांचं एक आवर्तन दोघांनीही धरायचं : देणाऱ्याचा ठेका चालू असतानाच घेणाऱ्याने बाजूच्या डग्ग्यावर किंवा टाळावर तीच लय उचलायची, समेवर पहिल्याने हात काढायचा. पेटीची देवघेव करताना सूर तुटतो तो भात्यामुळे. म्हणून भाता आधी बदलायचा, बोटं नंतर. क्षणभर एका पेटीवर दोघांचे हात असतात. कृष्ण-रुक्मिणीच्या रुसव्यात आम्ही हा क्षण मुद्दाम लांबवला होता. रुक्मिणी सूर धरून बसलेली, कृष्णाचा हात येऊन भात्यावर पडतो, ती हात मागे घेत नाही. रुसवा तिथेच संपला, पुढचं पद त्याने हसत म्हटलं.

(ङ) सलग नाटक, शेवटचे चार आठवडे. इथून पुढे मी काहीही बदलू देत नाही. गाण्यात नवी जागा नाही, नवी तान नाही, वाद्याची अदलाबदल नाही.

> सावधान : शेवटच्या महिन्यात "एखादा चांगला तबलजी मदतीला बसवू या" अशी सूचना हमखास येते, बहुतेक वेळा मंडळातल्या ज्येष्ठ मंडळींकडून आणि प्रेमापोटी. तो बसला की सगळे नट त्याच्यावर विसंबतात आणि चार महिन्यांची सवय आठवड्यात मोडते. नम्रपणे नाही म्हणा.

८. कपडे दहाव्या आठवड्यापासून

रंगीत तालमीला पहिल्यांदा कपडे चढवणं या नाटकात चालत नाही. शेला भात्याच्या फटीत जातो. बांगड्या पेटीच्या पट्ट्यांवर वाजतात आणि माइकमध्ये त्यांचाच आवाज मोठा येतो, तेव्हा उजव्या हातात एकच घट्ट कडं ठेवा. तबला वाजवणाऱ्याच्या हातात अंगठी नको, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) फाटते. मुकुट जड असेल तर मान खाली गेल्यावर पुढे घसरतो, त्याला मागून पट्टा हवा. धोतराचा सोगा ऑर्गनच्या पायट्यात अडकतो, तो खोचायचा कधी हे तक्त्यात लिहा.

पखवाजवाल्याची वेगळी काळजी. डाव्या तोंडाला कणीक लावली की बोटांना ती लागतेच, आणि त्याच हाताने त्याला पुढे उपरणं किंवा गदा धरायची असते. पाटाखाली ओलं फडकं ठेवा. दिव्यांच्या उष्णतेत कणीक लवकर सुकते आणि नाद पातळ होतो, म्हणून पहिला अंक संपला की ताजी लावायची. कोणी लावायची तेही ठरवून ठेवा.

९. दमट हवा आणि वाद्यं

तालीम श्रावणात सुरू होते, म्हणजे वाद्यांना सगळ्यात वाईट महिने तालमीत मिळतात. पुडी ओल धरते, सैल पडते, तबला उतरतो. पुढे प्रयोगाच्या रात्री दिव्यांखाली ती सुकते आणि तबला चढतो. वातानुकूलित नाट्यगृहात तर अर्ध्या तासात चढतो. म्हणून वाद्य प्रयोगाच्या जागी निदान तीन तास आधी न्या, पिशवीतून काढून रंगमंचावरच ठेवा, आणि शेवटचं लावणं नांदीच्या अगदी आधी करा. गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून मोठा फरक काढायचा, बारीक फरक कडेवर. हे वाजवणाऱ्या नटाला स्वतःला आलं पाहिजे, कारण मध्यंतरात दुसरं कोणी येणार नाही.

पेटीचं लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी खाली जाते ती वर येत नाही, नाहीतर एखादा सूर आपोआप वाजत राहतो. उन्हात ठेवू नका, सांधे उघडतात. जुन्या पद्धतीचा तारेचा शून्याचा बल्ब कपाटात खालच्या बाजूला लावा, पेटी वरच्या फळीवर ठेवा आणि पावसाळाभर तो चालू राहू द्या. एलईडी बल्बचा उपयोग नाही, त्याला ऊब नसते. भात्याच्या चामड्याला बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा, तेल लावू नका. व्हायोलिन असेल तर वाजवून झाल्यावर बो सैल करायचा आणि तारा पुसायच्या. खाऱ्या वाऱ्यात पोलादी तार किती लवकर गंजते ते मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांना सांगायला नको.

प्रवासात वाद्यं टेम्पोच्या मागच्या टोकाला ठेवू नका, घाटात सगळे हादरे तिथेच बसतात. पेटीखाली गादी, भाता कुलूपबंद, तबला कडीवर बसवून, ओटीत धरल्यासारखा.

१०. जागा आणि आवाज

रत्नागिरीचं स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह आणि देवळाचा सभामंडप, दोन्हीकडे तेच नाटक करायचं असतं. हालचाली लहान जागेच्या मापाने बसवा, मोठ्या रंगमंचावर त्या पसरता येतात, उलट होत नाही. जमिनीवर वाद्यांची 'घरं', म्हणजे ठेवायच्या जागा, चिकटपट्टीने आखा. मध्ये काळोख होत असेल तर चमकणारी पट्टी लावा.

माइकबाबत माझं मत ठाम आहे : प्रत्येक नटाच्या कॉलरला माइक लावू नका. पेटी छातीजवळ असते, कॉलरच्या माइकमध्ये पेटी आणि भात्याचा श्वासच जास्त येतो. पुढे जमिनीवर तीन, वर टांगलेले दोन, पुरे. सभामंडपात दीडशे माणसं असतील तर एकही नको. पहिल्या दोन महिन्यांत माइकशिवाय तालीम करा, म्हणजे वाजवणाऱ्यांना गाणाऱ्याच्या खाली राहायची सवय लागते. तोल हातांनी साधायचा असतो, ध्वनियंत्रणेवाल्याने नव्हे.

११. प्रयोगाचा दिवस

तक्ता दोन्ही विंगांत आणि वेषभूषेच्या खोलीत चिकटवा. सकाळी तालीम नको. दुपारी फक्त देवघेव आणि प्रत्येक पदाचा मुखडा. तीन तास आधी वाद्यं रंगमंचावर, दोन तास आधी चेहरे रंगवायला. रंग लागल्यावर हात साबणाने धुवायचे, तेलकट बोट पेटीवर घसरतं आणि पुडीवर डाग राहतो.

नांदीला सगळी पात्रं वाद्यं घेऊन उभी करा. परंपरेला धरून आहेच, पण त्याचा एक उपयोगही आहे : सगळी वाद्यं एकदम वाजताना लय आणि सूर कुठे हलतोय ते प्रेक्षकांसमोरच कळतं. नांदी संपता संपता ज्याचं वाद्य उतरलंय त्याने ते लावून घ्यायचं. सूत्रधार तेवढा वेळ बोलणं लांबवेल असं आधी ठरलेलं असू द्या.

'वन्स मोअर' आला तर? नेहमीच्या नाटकात गायक ठरवतो. इथे लयीचा मालक ठरवतो, कारण पुढच्या देवघेवीची माणसं हलायला लागलेली असतात. त्याने टाळ उंचावला तर पुन्हा फक्त अंतरा, नाही तर पुढे. ही खूण सगळ्यांना पाठ हवी.

मध्यंतरात चहा वाद्यांना हात लावून झाल्यावरच. तबला तपासा, कणीक ताजी लावा, एकतारीची तार बघा, पेटीचा अडलेला सूर मोकळा करा, वाद्यं दुसऱ्या अंकाच्या घरांवर ठेवा आणि तक्त्यावर टीक करा.

पडदा पडला की लोक भेटायला वर येतात, फोटो निघतात, कोणी पेटीवर बोटं फिरवून बघतो. येऊ द्या त्यांना, पण दोन माणसं या गर्दीत न जाता वाद्यांजवळ थांबलेली हवीत. पखवाजाची कणीक तेव्हाच खरवडून ओल्या फडक्याने तोंड पुसायचं. सकाळपर्यंत राहिली तर ती घट्ट होते, काढताना पुडी ओरखडते, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या गावच्या प्रयोगाला बलरामाच्या हाती भदाडा नाद येतो.